बाळाला दुखते : भूलशास्त्रातील आमची चाळीस वर्षे

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी आमची ओळख करून देताना "लहान मुलांचे मोठे सर्जन" असा आमचा उल्लेख केला. त्यांचा मान राखून एक दुरुस्ती करतो. आम्ही सर्जन नाही. सर्जन शस्त्रक्रिया करीत असतात तेव्हा रुग्णाच्या उशाशी उभे राहून त्याचा श्वास, नाडी व रक्तदाब सांभाळणारे जे डॉक्टर असतात, त्यांना भूलतज्ज्ञ म्हणतात. आम्ही त्यांपैकी एक. ही चूक आम्हांला नवी नाही. मूल बरे झाले की नातेवाईक पेढ्यांचा पुडा घेऊन येतात, तो सरळ सर्जनसाहेबांच्या टेबलावर जातो, आणि आम्ही समोर दिसलो तर विचारतात, "साहेब, तुम्ही कोन?" भुलीचा डॉक्टर एक इंजेक्शन टोचतो आणि चहा प्यायला निघून जातो, अशीही पुष्कळांची समजूत आहे. तसे असते तर आज आपणापुढे बोलण्यासारखे आमच्यापाशी काही राहिले नसते. असो.

आम्ही १९८४ साली विदर्भातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात भूलशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास दाखल झालो. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात एका रात्री दोन दिवसांचे बाळ शस्त्रक्रियेसाठी आले. वजन सव्वादोन किलो. आतड्याला जन्मतःच अडथळा होता. पोट फुगून नगाऱ्यासारखे झालेले. आम्ही बाळाला प्राणवायू व नायट्रस ऑक्साइड यांचे मिश्रण सुरू केले आणि स्नायू ढिले करण्यासाठी पॅनक्युरोनियम दिले. वेदना थांबविणारे औषध दिले नाही. विसरलो म्हणून नव्हे; त्या काळी इतक्या लहान बाळाला ते देण्याची पद्धतच नव्हती. सर्जनांनी सुरी टेकविली आणि १४० असलेली नाडी १९० वर गेली. आम्ही वरिष्ठांकडे पाहिले. ते म्हणाले, "रिफ्लेक्स आहे. एवढ्या लहान बाळाला दुखत नसते." बाळ हलले नाही. हलणार तरी कसे? ज्या स्नायूंनी हलायचे तेच आम्ही बंद करून टाकले होते. दीड तासाने शस्त्रक्रिया आटोपली. बाळ जगले, बाराव्या दिवशी घरी गेले. नोंदवहीत भुलीच्या रकान्यात आम्ही एकच इंग्रजी शब्द लिहिला, 'अनइव्हेंटफुल'. म्हणजे विशेष काही घडले नाही. खाली आमची सही आहे.

त्या शब्दाविषयी आज बोलायचे आहे.

आमचे वरिष्ठ निर्दय नव्हते. स्वतःच्या खिशातून गरीब रुग्णांची औषधे आणणारे ते गृहस्थ होते. ते जे बोलले ते जगातील मोठमोठ्या रुग्णालयांत बोलले जात होते. नवजात बाळाच्या मज्जातंतूंवरील चरबीचे वेष्टण पुरते तयार झालेले नसते, म्हणून त्याला वेदना पोचत नाही, असे पुस्तकात होते. १९४० च्या सुमारास अमेरिकेत बाळांना टाचणी टोचून काही निरीक्षणे केली गेली होती. त्यांवरून बाळाची हालचाल ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे, असा अर्थ काढला गेला. त्यात भुलीची औषधे बाळाला सोसणार नाहीत, श्वास थांबेल, ही भीती. आणि ती खोटी नव्हती. १९५० साली लिव्हरपूलच्या डॉ. जॅक्सन रीस यांनी नवजात बाळांसाठी नायट्रस ऑक्साइड, स्नायू ढिले करणारे औषध आणि हाताने दिलेला श्वास अशी पद्धत मांडली. तिने असंख्य बाळे वाचविली. परंतु त्या पद्धतीत बाळ गप्प राही, आणि गप्प असणे म्हणजे दुखत नसणे, असा हिशेब आम्ही सर्वांनी मनाशी बांधला.

मज्जातंतूंचा युक्तिवादही कच्चा होता. विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आपणा मोठ्या माणसांतही ठणकणारी, जळजळणारी वेदना वाहून नेणारे तंतू बिनवेष्टणाचेच असतात. आणि बाळाच्या टाचेपासून मेंदूपर्यंतचे अंतर किती? हातभर सुद्धा नाही. निरोप सावकाश चालला तरी तो पोचतोच. एवढी साधी गोष्ट पुस्तकाच्या पानामागे झाकली गेली होती.

१९८५ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे अपुऱ्या दिवसांच्या एका बाळावर हृदयाजवळील रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया झाली. बाळ पुढे दगावले. काही काळाने आईने कागदपत्रे मागितली तेव्हा तिला कळले की स्नायू ढिले करण्याच्या औषधाखेरीज बाळाला वेदनेसाठी काहीच दिले नव्हते. त्या माउलीने वर्तमानपत्रांना, डॉक्टरांच्या संघटनांना पत्रे लिहिली. १९८७ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने जाहीर केले की, नवजात बाळालाही शस्त्रक्रियेत भूल व वेदनाशमन मिळालेच पाहिजे.

त्याच वर्षी जानेवारीत 'लॅन्सेट' नियतकालिकात डॉ. कंवलजीत सिंह आनंद यांचा निबंध आला. हे गृहस्थ इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. पुढे शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. तेथे त्यांना एक प्रश्न पडला. बाळ शस्त्रक्रियेला जाते तेव्हा बरे असते आणि परत येते तेव्हा त्याची अवस्था इतकी वाईट का? त्यांनी १६ अपुऱ्या दिवसांची बाळे घेतली. ८ बाळांना नेहमीची पद्धत, आणि ८ बाळांना त्यासोबत फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक. मग रक्तातील तणावाची संप्रेरके मोजली. ज्यांना फेंटानिल मिळाले नव्हते त्यांच्या रक्तात संप्रेरकांचा उसळा कितीतरी मोठा होता, आणि शस्त्रक्रियेनंतरचे त्रासही त्यांनाच अधिक झाले. १९९२ साली बोस्टनहून त्यांचे दुसरे काम प्रसिद्ध झाले. हृदयाची शस्त्रक्रिया झालेली ४५ नवजात बाळे. ज्या ३० बाळांना भरपूर वेदनाशामकासह गाढ भूल दिली त्यांतील एकही दगावले नाही. हलकी भूल दिलेल्या १५ पैकी ४ दगावली.

'लॅन्सेट' आमच्या ग्रंथालयात तेव्हा काही महिने उशिराने येई. तो निबंध आम्ही वाचला त्या दिवशी आम्हांला १४० ची १९० झालेली ती नाडी आठवली. ती नाडी आमच्याशी बोलत होती. आम्ही तिला रिफ्लेक्स म्हटले होते.

आता प्रश्न असा की, दुखते हे कळले. मग करावे काय? बोस्टनमध्ये फेंटानिल होते आणि शस्त्रक्रियेनंतर रात्रभर श्वासावर लक्ष ठेवणारी परिचारिका होती. आमच्या वॉर्डात एका सिस्टरकडे चाळीस खाटा होत्या. मॉर्फिन अथवा त्याच्या कुळातील औषधे बाळाला दिली आणि मध्यरात्री श्वास मंदावला तर बघणार कोण? शिवाय मॉर्फिन मिळत नसे. १९८५ सालचा अमली पदार्थविरोधी कायदा आला तो नशेच्या व्यापाराला आळा घालण्यासाठी. पण त्याच्या परवान्यांच्या जंजाळात रुग्णाचे मॉर्फिन अडकून बसले. ज्या देशात अफूचे सरकारी पीक निघते त्या देशातील रुग्णालयांत मॉर्फिन नाही, असा प्रकार. केरळात कालिकतचे भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून या प्रश्नावर चिकाटीने काम केले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनेक परवान्यांच्या जागी एकच परवाना पुरेसा ठरला. म्हणजे कायदा आल्यापासून एकोणतीस वर्षे.

आमच्याकडे या अडचणीतून वाट काढून दिली ती मज्जातंतूच्या बधिरीकरणाने, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. मुलाला हलकी भूल देऊन झोपवायचे, आणि ज्या भागावर शस्त्रक्रिया आहे त्या भागाच्या मज्जातंतूंभोवती बधिर करणारे औषध सोडायचे. मेंदूला निरोपच जात नाही. मूल जागे होते तेव्हा दुखत नसते, आणि श्वासावर या औषधाचा भार पडत नाही. औषध बुपिव्हाकेन, बाटली स्वस्त, परवाना नको. कल्पना जुनीच. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बीर यांनी पाठीच्या मणक्यातून कोकेन देऊन पहिल्या शस्त्रक्रिया केल्या, तेव्हा त्यांच्या पहिल्या मोजक्या रुग्णांत अकरा वर्षांचा एक मुलगा होता. १९०९ साली लंडनमध्ये डॉ. टायरेल ग्रे यांनी मुलांना मणक्यातून भूल दिल्याच्या मोठ्या अनुभवाची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे नवनवी गुंगीची औषधे आली आणि मुलांच्या बाबतीत हे सारे मागे पडले, ते १९७०–८० च्या दशकांत पुन्हा वर आले.

आम्ही पहिला कॉडल ब्लॉक १९८८ साली दिला. विद्यार्थ्यांसाठी थोडे सविस्तर सांगतो. झोपलेल्या मुलाला डाव्या कुशीवर घेऊन गुडघे पोटाशी आणावयाचे. माकडहाडाच्या वर बोट फिरविले की दोन बारीक उंचवटे लागतात, ज्वारीच्या दाण्याएवढे. त्यांच्या मधोमध एक खळगा असतो. तेथून सुई तिरकी आत घालायची. पडदा भेदला गेला की बोटांना हलकासा 'सुट्' असा अनुभव येतो. हा अनुभव पुस्तकात वाचून येत नाही. आमच्या सरांनी आमच्या बोटांवर स्वतःची बोटे ठेवून तो शिकविला. लहान मुलांत त्या पोकळीतील चरबी सैल असते, म्हणून औषध सर्वत्र सारखे पसरते. कमरेखालचा भाग चार ते सहा तास शांत राहतो. मोठ्या माणसाचा रक्तदाब अशा इंजेक्शनाने पडतो. आठ वर्षांखालील मुलाचा सहसा पडत नाही. जणू निसर्गाने ही वाट मुलांसाठीच ठेवली आहे.

पण वाट अरुंद आहे. बुपिव्हाकेनची मर्यादा मुलाच्या दर किलो वजनामागे अडीच मिलिग्रॅम. तान्ह्या बाळाला त्याहून कमी. पाव टक्क्याच्या औषधात एका मिलिलिटरला अडीच मिलिग्रॅम असते. म्हणजे किलोला एक मिलिलिटर दिले की आपण मर्यादेवर जाऊन उभे राहिलो. त्याच्या पलीकडे हृदय. हा हिशेब पाचवीतल्या मुलाला यावा असा आहे, आणि तोच आमचा एकदा चुकला.

१९९३ साल होते. एका तालुक्याच्या गावी चार वर्षांच्या मुलाचे हर्नियाचे ऑपरेशन. वजन १४ किलो. पाव टक्क्याचे दहा मिलिलिटर द्यावयाचे, म्हणजे २५ मिलिग्रॅम. बाटली हातात आली, आम्ही औषध भरून घेतले व दिले. शेवटचा मिलिलिटर जाता जाता कार्डिओस्कोपच्या पडद्यावरील रेघ वेडीवाकडी उमटू लागली. आम्ही बाटली उचलून वाचली. अर्धा टक्का. म्हणजे दुप्पट औषध, ५० मिलिग्रॅम. मर्यादा ३५ ची. सर्जनांना थांबविले. शंभर टक्के प्राणवायू, हाताने श्वास, आणि नाडीवर बोट. तेव्हा याहून अधिक काही करता येत नसे. अशा प्रसंगी सोयाबीन तेलाचे दुधासारखे पांढरे सलाईन शिरेतून द्यावे, हे शिकागोच्या डॉ. गाय वाईनबर्ग यांनी १९९८ साली उंदरांवर दाखविले आणि माणसात त्याचा उपयोग झाल्याची पहिली हकीकत २००६ साली प्रसिद्ध झाली. आज आमच्या प्रत्येक थिएटरात ती पिशवी टांगलेली असते. त्या दिवशी नव्हती. चाळीस मिनिटे आम्ही ती रेघ पाहत उभे होतो. मग ती हळूहळू सरळ झाली. मुलगा तिसऱ्या दिवशी घरी गेला.

बाटली देणाऱ्या सिस्टर रडू लागल्या. त्यांना आम्ही सांगितले आणि येथेही सांगतो, की बाटली वाचण्याचे काम आमचे होते. बाहेर बसलेल्या वडिलांनाही आम्ही जाऊन जे झाले ते सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, आता बरा हाय ना?" त्यानंतर आमच्या थिएटरात औषध भरताना बाटलीवरचे नाव व टक्का दोघांनी मोठ्याने वाचावा असा नियम आम्ही केला. नवे विद्यार्थी सुरुवातीला हसत. त्यांना आम्ही ही गोष्ट सांगत असू. मग हसत नसत.

शस्त्रक्रियेतली वेदना निदान आमच्या समोर असते. वॉर्डातली वेदना शोधावी लागते. १९९१ साली यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून तीन वर्षांचा मुलगा मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेसाठी आला होता. संध्याकाळी फेरीत पाहिले तर शांत पडून होता. केसपेपरवर वेदनाशामकापुढे 'एस.ओ.एस.' लिहिलेले, म्हणजे गरज पडल्यास द्यावे. आम्ही सिस्टरना म्हणालो, छान आहे, झोपला आहे. तेव्हा त्याची आई म्हणाली, "साहेब, मायं लेकरू असं गुपचूप कधी रायत नायी. थो पाणी बी मांगत नायी." आम्ही परत फिरलो. पोटावर हात ठेवला, फळीसारखे कडक. नाडी १५०. श्वास वरच्यावर, कारण खोल श्वास घेतला की टाके ओढत होते. ते लेकरू झोपलेले नव्हते. हलले की दुखते हे त्याला कळले होते, म्हणून ते हलत नव्हते. मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली, दोन सह्या, रजिस्टर, यांत दोन तास गेले. वजनानुसार मोजून मॉर्फिन दिले आणि रात्रभर खाटेशेजारी आम्हीच बसलो, कारण दुसरे कोणी नव्हते. तासाभराने पोराने पाणी मागितले, मग बिस्किट मागितले, ते मिळाले नाही म्हणून मोठ्याने भोकाड पसरले. इतके गोड रडणे आम्ही पुन्हा ऐकले नाही.

'गरज पडल्यास' हे शब्द त्या दिवसापासून आम्हांला खटकतात. गरज पडली हे सांगणार कोण? तीन वर्षांचे मूल घंटी वाजवून सिस्टरना बोलावीत नाही. म्हणून औषध घड्याळाप्रमाणे द्यावयाचे, दुखण्याची वाट न पाहता. आणि दुखणे मोजावयाचे, जसा ताप मोजतो तसे. १९९७ साली मिशिगनच्या परिचारिकांनी व डॉक्टरांनी एक सोपी मोजणी प्रसिद्ध केली. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे, या पाचांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. बेरीज दहापैकी. आम्ही ती मराठीत लिहून प्रत्येक खाटेला अडकविली. मोठ्या मुलांसाठी हसऱ्या ते रडक्या चेहऱ्यांची चित्रे असतात. मुलाने आपल्या दुखण्याचा चेहरा दाखवायचा. येथे एक गंमत झाली. आमच्याकडील मुले सरसकट हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवू लागली. डॉक्टर खूष होतील असे उत्तर कोणते, हे पोरांना लवकर कळते! तेव्हापासून आम्ही आधी आईला विचारतो. वॉर्डातील मावशींनाही विचारतो. चादर बदलताना कोणते मूल अंग चोरते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते, आणि त्यांना ते कोणी विचारीत नाही.

वेदना विसरली जाते, लहानपणीचे कोणाला आठवते, असे म्हणणारे आजही भेटतात. टोरांटोच्या संशोधकांनी १९९७ साली ८७ मुलांची पाहणी केली. जन्मानंतर बधिर न करता ज्यांची सुंता झाली होती, ती मुले चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा अधिक रडली. बधिर करणारे मलम लावून ज्यांची झाली होती ती मधल्या पायरीवर होती. बाळाला प्रसंग आठवत नसेल. शरीराला आठवतो.

आईवडील आम्हांला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, पाठीतल्या इंजेक्शनाने मुलगा पांगळा तर होणार नाही? दुसरा, भुलीने डोक्यावर परिणाम तर होणार नाही? प्रश्न रास्त आहेत. त्यांना "काही होत नाही हो" असे सांगून वाटेला लावणे आम्हांला पसंत नाही. फ्रान्समधील भूलतज्ज्ञांनी १९९६ साली २४,४०९ मुलांच्या ब्लॉकचा हिशेब मांडला. त्यांत अडचणी फारच थोड्या आल्या, आणि कायमची इजा एकालाही नाही. अमेरिकेतील मुलांच्या रुग्णालयांनी मिळून २००७ पासून नोंदी ठेवल्या. त्यांचा २०१८ सालचा अहवाल एक लाखाहून अधिक ब्लॉकचा आहे. कायमची मज्जातंतूंची इजा एकही नाही. तात्पुरती दहा हजारांत दोन-तीन. औषधाची गंभीर विषबाधा दहा हजारांत एकाहूनही कमी. आमचा १४ किलोचा मुलगा त्या 'एकाहून कमी' मधला होता, हे आम्ही आईवडिलांपासून लपवीत नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी सात देशांत ७२२ तान्ह्या बाळांवर अभ्यास झाला. निम्म्यांना हर्नियासाठी पूर्ण भूल, निम्म्यांना जागेपणी केवळ कमरेखालचे बधिरीकरण. पाच वर्षांनी बुद्धीची चाचणी घेतली. फरक आढळला नाही. हा निकाल २०१९ चा. त्यातील भूल सुमारे तासाभराची होती, हेही सांगितले पाहिजे. लांबलचक भुलीला तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही.

आता सुई आंधळेपणाने घालावी लागत नाही. व्हिएन्नाच्या भूलतज्ज्ञांनी १९९४ पासून सोनोग्राफीच्या पडद्यावर मज्जातंतू पाहून ब्लॉक देण्याचे काम पुढे नेले. औषध कमी लागते, रक्तवाहिनी दिसते. आमच्या देशात मात्र एक निराळीच अडचण. गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा कायदा आहे, आणि तो असलाच पाहिजे. मुलींच्या जिवाचा प्रश्न आहे. त्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, ते एका जागेहून दुसरीकडे सहज नेता येत नाही. मुलाचा हात बधिर करण्यासाठी यंत्र मागायला गेलो की आम्ही कोण व यंत्र कशासाठी, याची कैफियत द्यावी लागे. आम्ही ती देत आलो. तक्रार नाही; मात्र लहान गावातील आमचे सहकारी यामुळे अजूनही बोटांच्या अंदाजावरच काम करतात, आणि ते चांगले काम करतात.

विद्यार्थ्यांपैकी काहींना या शाखेविषयी विचारावयाचे आहे असे कळले. एम.बी.बी.एस. नंतर भूलशास्त्रातील एम.डी. तीन वर्षांचे, आणि मुलांच्या भूलशास्त्रातील डी.एम. आणखी तीन वर्षांचे. ते काही मोजक्या संस्थांत आहे. मुलींनी या शाखेत जरूर यावे. आमच्या हाताखाली शिकून तयार झालेल्यांत सर्वांत चांगली बोटे ज्यांची होती, त्यांतील बहुतेक मुलीच. नाव होत नाही, पेढे मिळत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. रात्री-बेरात्री बोलावणे येते. गणित पक्के लागते. दशांश चिन्ह एक घर सरकले तर काय होते ते आत्ताच ऐकलेत.

जाता जाता घरोघरच्या आयांसाठी. मुलाला ऑपरेशनला आणताना 'उपाशीपोटी' म्हणजे काय, हे नीट विचारून घ्या. जेवण, बिस्किट, बाहेरचे दूध सहा तास आधी बंद. आईचे दूध चार तास. स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, उगाच रात्रभर तहानलेले ठेवू नका. आणि लेकरू रडते म्हणून कोपऱ्यात नेऊन आजीने बिस्किट भरविले असेल तर ते आम्हांला सांगा. आम्ही रागावणार नाही. भुलीत उलटी होऊन ते अन्न फुफ्फुसात जाते, आणि मग आमच्या हाती फार थोडे उरते. घरी गेल्यावर मोठ्या माणसांच्या उरलेल्या गोळ्या मोडून मुलाला देऊ नका. मूल फार शांत वाटले तर नुसते बरे वाटून घेऊ नका. त्याला खोल श्वास घ्यायला सांगा, उठून बसते का पाहा.

त्या दोन दिवसांच्या बाळाचे पुढे काय झाले, असे मागे एका विद्यार्थिनीने विचारले होते. आम्हांला ठाऊक नाही. जगला असेल तर आज चाळिशीचा गृहस्थ असेल. पुढे कधीतरी जुन्या नोंदवह्या निकालात निघाल्या तेव्हा आम्ही त्या रात्रीचे पान शोधून पाहिले. वाळवी लागलेली होती, पण शब्द वाचता येत होता.

कार्यवाहांनी प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवला आहे. विद्यार्थ्यांनी आधी विचारावेत.